पट कोणाचा, निकाल कोणाचा?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलामागील भिंतीवर दोन तक्ते हमखास आढळतात. एकावर शाळेचा पट असतो : इयत्तावार मुलगे किती, मुली किती, अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, विमुक्त-भटके किती, इतर मागास किती. दुसऱ्यावर त्या वर्षीच्या चाचण्यांचा हिशेब असतो : परिच्छेद वाचता येणारी मुले किती, हातच्याची वजाबाकी जमणारी किती, भागाकार जमणारी किती. तपासणीस आलेला अधिकारी दुसऱ्या तक्त्यापाशी थांबतो, भुवया उंचावतो आणि शेरा लिहितो. पहिला तक्ता शिष्यवृत्तीची आणि उपस्थिती भत्त्याची पत्रके भरण्यापुरताच कामास येतो. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी टांगलेले असूनही ते एकत्र वाचण्याची प्रथा शिक्षण खात्यात नाही. ही प्रथा नसल्यामुळेच या राज्यातील हजारो शाळांच्या अस्तित्वाचा विचार चुकीच्या गणितावर होत आला आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्हा परिषदांकडून मागविले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आली. अशा शाळांची संख्या त्या वेळी खात्यानेच सुमारे १४ हजार ७०० सांगितली होती. त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९ हजारांहून अधिक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले, शिक्षकामागे सहा. हे आकडे पाहून कोणत्याही हिशेबनिसाच्या मनात जो विचार येईल तोच सरकारच्या मनात आला. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत पट २० च्या खाली गेला तर शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, अशी व्यवस्था झाली. शाळा बंद करण्याचा आदेश कोणी काढला नाही. शिक्षक काढून घेतला की ती आपोआप बंद पडते.

या धोरणाच्या समर्थनार्थ नेहमी दोन युक्तिवाद केले जातात. पहिला खर्चाचा, दुसरा गुणवत्तेचा. इतक्या लहान शाळांत मुले काही शिकतच नाहीत, मोठ्या शाळेत त्यांचे भले होईल, असे दुसऱ्या युक्तिवादात सांगितले जाते. तो अधिक साळसूद असल्यामुळे त्याचा परामर्श आधी घेतला पाहिजे.

एका काल्पनिक शाळेचे उदाहरण घेऊ. पट ४०. त्यांतील २० मुलांना अस्खलित वाचता येते. निकाल ५० टक्के. गावातून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी जाऊ लागली आणि ज्यांच्या घरी चार पुस्तके आहेत, वडील नोकरीत आहेत, आई अभ्यास घेऊ शकते, अशी दहा मुले त्या गाडीत बसली. ही दहाही मुले वाचणाऱ्यांपैकी होती. आता पट ३०, वाचणारी १०. निकाल ३३ टक्के. शिक्षक तेच, फळा तोच, मागे राहिलेल्यांपैकी एकही मूल काही विसरलेले नाही. तरी शाळेचा ‘दर्जा’ एका वर्षात १७ अंशांनी घसरला आणि तो घसरला हे पाहून पुढच्या वर्षी आणखी पाच पालकांनी दाखले काढले. पट असा २० च्या खाली आला म्हणजे टक्केवारीलाही अर्थ उरत नाही. चौथीच्या वर्गात पाच मुले असतील, तर चाचणीच्या दिवशी एका मुलाला ताप येणे म्हणजे निकाल २० टक्क्यांनी खाली येणे होय. अशा आकड्यांवरून शाळेची प्रतवारी लावणाऱ्यांना संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेतही उत्तीर्ण करता येणार नाही.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा : या शाळेत आज कोण उरले आहे, आणि का?

या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी, शेतकऱ्यांकडून गोळा होणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, अशी तक्रार नोंदविली होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा मोडून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. या दुसऱ्या हुकुमाचे मोल पहिल्यापेक्षा कमी नाही. पहिल्या हुकुमाने मूल शाळेत आले. शाळेत ते कोणाच्या शेजारी बसेल, हे दुसऱ्याने ठरविले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या, तेव्हा बहुतेक गावांत शाळा एकच होती. तिथे पाटलाचा मुलगा, सुताराचा मुलगा आणि महारवाड्यातील मुलगा यांच्यात समता नांदत होती, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पाण्याच्या माठापाशी काय होत असे ते अनेकांनी लिहून ठेवले आहे. पण शाळेचे छप्पर गळू लागले तर पाटलाचा मुलगाही भिजत असे, आणि म्हणून ते छप्पर दुरुस्त होत असे.

आज पाटील, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, साखर कारखान्याचा संचालक आणि खुद्द जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी यांपैकी बहुतेकांची मुले त्या छपराखाली नसतात. मागे उरली आहेत ती शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, पारध्यांची, धनगरवाड्यांवरची, आदिवासी पाड्यांवरची मुले, आणि मुली. ज्या घरात दोघांची फी परवडत नाही तिथे मुलगा गाडीत बसतो आणि त्याची बहीण पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, हे दृश्य तालुक्यातालुक्यांत दिसते. मुंबईतही याहून वेगळे नाही. महानगरपालिकेच्या ज्या मराठी शाळांनी गिरणगावातील कामगारांची, कारकुनांची आणि फेरीवाल्यांची मुले एकाच बाकावर शिकविली, त्यांच्या इमारती १९८२ च्या संपानंतर एकेक मजला रिकाम्या होत गेल्या. पालिकेच्या शाळांत आज जी मुले आहेत त्यांच्यापैकी कितीतरींचे आईबाप उत्तरेतून किंवा मराठवाड्यातून पोटासाठी आलेले आहेत.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात ही प्रक्रिया नेमकी पकडली होती. संस्था बिघडली की माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा राहून ओरडणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्याने दिले होते. मालवाहतूकदार ट्रककडे वळले आणि रेल्वे सुधारण्याऐवजी अधिकच ढिसाळ झाली, कारण ज्यांच्या ओरड्याला वजन होते तेच निघून गेले. हेच सार्वजनिक शाळांचेही होते, असे त्याने त्याच पुस्तकात म्हटले आहे. स्पर्धेने सरकारी शाळा सुधारतील, असे ठासून सांगणाऱ्यांनी गेल्या तीस वर्षांतील महाराष्ट्राकडे पाहावे. स्पर्धा आली, सुधारणेऐवजी पळापळ झाली, आणि ज्यांना पळता येत नव्हते ते जागच्या जागी राहिले.

मग खासगी शाळांत मुले अधिक शिकतात, हे खरे नाही काय? ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणात २०२४ मध्ये देशभरातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांना दुसरीचा मजकूर वाचता आला, खासगी शाळांत ३५.५ टक्क्यांना. अंतर उघड आहे. पण या अंतरात घराचा वाटा किती आणि शाळेचा किती? याचे एक चांगले उत्तर आंध्र प्रदेशात मिळाले. २००८ पासून तिथल्या १८० गावांत सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी शुल्कपत्रे देण्यात आली. ज्यांना सोडतीत यश आले नाही ती मुले सरकारी शाळेतच राहिली. सोडत असल्यामुळे दोन्ही गटांतील घरे सारखीच होती. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही; हिंदीत खासगी शाळांतील मुले पुढे होती, कारण सरकारी शाळांत हिंदीला फारसे तासच नव्हते. याच अभ्यासाची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही : खासगी शाळा हे काम सरकारी शाळेच्या सुमारे एक तृतीयांश खर्चात करीत होत्या. खासगीकरणाचे पुरस्कर्ते हे वाक्य मोठ्याने वाचतात. ही काटकसर शिक्षिकेच्या पगारातून होते, हे मात्र ते हळू आवाजात वाचतात.

येथे एका मोहापासून सावध राहणे आवश्यक आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांतील सोयींचा फरक मोजण्यासाठी ती पाहणी होती; निष्कर्ष निघाला तो असा की, मुलाच्या यशापयशाशी इमारतीपेक्षा, साधनांपेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गातील सोबती यांचा संबंध अधिक आहे. त्यातून दोन अर्थ काढता येत होते. एक असा की मुलांना एकत्र शिकवा. दुसरा असा की शाळेने काही होत नाही, पैसे कशाला घालवता? दुसरा अर्थ स्वस्त होता, त्यामुळे तो अधिक लोकप्रिय झाला. आपल्याकडे तो शिक्षक-कक्षांतून ऐकू येतो : ‘या वस्तीतली मुलं अशीच, घरी कोणी बघत नाही, आम्ही तरी काय करणार?’ पटाची घडण निकालावर परिणाम करते, हे सत्य आहे; पण ती सबब म्हणून वापरली गेली की त्या सत्याचे जातीय पूर्वग्रहात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही.

आणि ही सबब आकड्यांपुढे टिकतही नाही. करोनाच्या काळात खासगी शाळांची फी न परवडल्याने ग्रामीण भागातील असंख्य मुले सरकारी शाळांत परतली. ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांचा वाटा २०१८ मध्ये ६५.६ टक्के होता तो २०२२ मध्ये ७२.९ झाला. २०२४ पर्यंत तो पुन्हा ६६.८ वर आला, म्हणजे ज्यांना परवडू लागले ते परत गेले. पटाच्या घडणीनेच सारे ठरत असते, तर ही मुले निघून गेल्यावर सरकारी शाळांची वाचनक्षमता खाली यायला हवी होती. प्रत्यक्षात तिसरीचा तो आकडा २०२२ मध्ये १६.३ होता तो २०२४ मध्ये २३.४ झाला. २०१८ च्या २०.९ च्याही तो पुढे गेला, तर खासगी शाळा २०१८ च्या ४०.६ वर अद्याप पोहोचलेल्या नव्हत्या. वाचन आणि गणिताचा पाया हेच उद्दिष्ट ठरवून दोन वर्षे नेटाने शिकविले गेले, तर गरिबाघरचे मूल शिकते. चारांतील तीन मुलांना अजूनही वाचता येत नाही, ही शरम कायमच आहे. परंतु शिक्षकाच्या कामाने फरक पडतो, याबद्दल यानंतर शंका घेता येणार नाही.

मग त्या शिक्षकाकडून आपण कोणते काम घेतो? शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे त्याला सांगता येतात. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदारयाद्यांचे काम वर्षभर चालते, आणि कायद्यात नसलेली कामे तोंडी आदेशाने येतात. द्विशिक्षकी शाळेतील एक गुरुजी तालुक्याला बैठकीस गेले की उरलेल्या एकाने चार इयत्ता सांभाळायच्या, खिचडीची नोंद ठेवायची, छायाचित्रे काढून पाठवायची आणि संध्याकाळी माहिती भरायची. त्यात वाचन शिकविण्यास उरणारा वेळ मोजण्याची एखादी चाचणी खात्याने काढली, तर ती उपयुक्त ठरेल.

पटाचे राजकारण कसे चालते याचा खरा धडा मात्र ऊसतोडीच्या पट्ट्यात मिळतो. संचमान्यतेसाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा. बीड जिल्ह्यातील, अहिल्यानगरच्या पाथर्डी भागातील वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर सामानासोबत मुले. ३० सप्टेंबरला वर्गात असलेले मूल डिसेंबरात शेकडो किलोमीटर दूर एखाद्या कारखान्याच्या तळावर धाकट्या भावंडाला सांभाळत असते. कागदावर ते पटावर असते, प्रत्यक्षात फडावर. हंगाम संपवून ते परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते, किंवा होऊन गेलेली असते. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, साखरशाळांचेही प्रयोग झाले. परंतु वसतिगृहाचा आदेश आणि निधी टोळ्या निघण्याआधी पोहोचला नाही तर आई मुलाला मागे ठेवीत नाही. आणि हे मूल नापास झाले तर ते कोणाच्या नावावर पडते? शाळेच्या. मुकादमाच्या नाही, कारखान्याच्या नाही, उचल घेण्यास भाग पाडणाऱ्या कोरडवाहू शेतीच्या नाही.

आता खर्चाचा युक्तिवाद. सहा मुलांमागे एक शिक्षक परवडत नाही, असे म्हटले जाते. शाळा तीन किलोमीटर दूर नेली तर सरकारचा खर्च वाचतो, हे खरे. पण ते तीन किलोमीटर नाहीसे होत नाहीत. ते सहा वर्षांच्या मुलीच्या पायांवर, तिला सोडायला जाणाऱ्या आईच्या बुडालेल्या रोजावर आणि पावसाळ्यात ओढा भरला की पडणाऱ्या खाड्यावर जमा होतात. अर्थसंकल्पातून वजा झालेली रक्कम मजुराच्या हिशेबात मांडली गेली, एवढाच याचा अर्थ. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हा निकष याच कारणासाठी ठरला होता. एकाच गावात पाचशे मीटरवर दोन शाळा असतील आणि रस्ता सुरक्षित असेल तर त्या एकत्र करण्यास तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. चार सोबती मिळणे हीही मुलाची गरज आहे. पण तो निर्णय त्या वाटेवर चालून पाहिल्यावर घ्यायचा असतो. काटकसरीची ही कळकळ २०११ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या पटपडताळणीत लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे आढळले तेव्हा दिसली असती, तर तिच्यावर विश्वास ठेवणे सोपे गेले असते. त्या कागदी पटावर अनुदान उचलणाऱ्या संस्थाचालकांचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे.

खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांच्या बाबतीतही हाच दुटप्पीपणा दिसला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या बंधनातून सूट देण्यात आली. सरकारी शाळा बंद करताना जी जवळ नको होती, तीच येथे खासगी शाळांची ढाल म्हणून जवळ हवी होती! त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला, हे योग्यच झाले. मात्र २५ टक्के हे समाजवाद्यांचे अंतिम उद्दिष्ट असू शकत नाही. त्या वाटेने वस्तीतील सर्वांत जागरूक पालकांची मुले बाहेर पडतात आणि राहिलेल्यांचा आवाज आणखी क्षीण होतो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची, समान शाळापद्धतीची शिफारस केली होती ती याच कारणासाठी. तिचा उल्लेख प्रत्येक जाहीरनाम्यात होतो. तिच्यासाठी एकही मोठे आंदोलन झालेले नाही.

ते का झाले नाही, याचे उत्तर कटू आहे. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्या सर्वांनी, लोकप्रतिनिधींसह, आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत असा आदेश दिला होता. तो अमलात आला नाही. त्याविरुद्ध नोकरशाहीने मौन पाळले, यात आश्चर्य नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्या संघटनांनीही तो आदेश फारसा उचलून धरला नाही, यातही आश्चर्य नाही. मराठी शाळा वाचविण्याच्या परिषदांना येणाऱ्यांची नातवंडे कोठे शिकतात, हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते. या पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही स्वतःला ते विचारले पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीचे दोन महिने यासाठी हाताशी असतात. प्रत्येक शाळेत कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांनी सह्या गोळा करण्यापुरती उरली आहे. कार्यकर्त्यांनी तिच्या सभेत ते दोन्ही तक्ते भिंतीवरून उतरवून पालकांपुढे ठेवावेत. गेल्या पाच वर्षांत कोणत्या घरांतील किती मुले दाखले काढून गेली, हंगामात किती मुले फडावर जातात, शिक्षकांचे किती दिवस शाळेबाहेरच्या कामात गेले, याची नोंद काढून ग्रामसभेच्या ठरावाने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. हंगामी वसतिगृहाची मागणी ऑगस्टमध्येच करावी. दिवाळीत केलेली मागणी रिकाम्या वस्तीतून केलेली असते.